चमचा घेतलेली स्त्री

१

"कृपा करून कुणीही बाहेर जाऊ नका," जिन्याच्या मधल्या पायरीवरून फिंटन म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा पांढराफटक पडला होता. "वरच्या अभ्यासिकेतली भारतीय मूर्ती जागेवर नाही."

रॉसनीन हाउस पाहायला येणाऱ्यांची त्या दिवसाची शेवटची फेरी संपून गेली होती. आयर्लंडमधल्याच गॉलवेहून गाडीने आलेलं खासनीस कुटुंब सोडलं, तर दुसरं कुणी पाहुणं उरलं नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी मेजर वॉलिस वारला, त्या दिवशी जसं होतं तसंच जपून ठेवलेलं ते घर: तेच पडदे, तेच दिवे, खुंटीवर त्याचीच छत्री. फिंटन तिथला व्यवस्थापक. कुठलीही वस्तू बोटभर सरकली तरी त्याला कळते, असं तो मघाशी हसत हसत म्हणाला होता.

आता तो हसत नव्हता. तो खालच्या चहाच्या खोलीकडे पाहत होता.

तिथे बाकावर लीलावतीबाई बसल्या होत्या. मुलाने घेऊन दिलेल्या बुटांचे पट्टे त्यांना नीट लावता येत नव्हते. अकरा वर्षांची रेवा आजीच्या पायाशी गुडघे टेकून पट्टे ओढत होती. "आजी, पाय स्टेडी ठेव ना!" ती म्हणत होती.

"फेरी संपल्यावर एकच व्यक्ती परत वर गेली," फिंटन म्हणाला. "माझ्या ऑफिसच्या दारातून मला जिन्यावर साडी दिसली. मला हे बोलायला बरं वाटत नाही, मिसेस खासनीस."

मिसेस खासनीस म्हणजे उल्का. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ती धातूंची तपासणी करायची. मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही, ही सवय तिच्या हाडात मुरलेली होती. पण या क्षणी मोजायला हाताशी काही नव्हतं. ती सासूबाईंजवळ गेली.

"आई, तुम्ही परत वर गेला होतात?"

लीलावतीबाईंनी मान खाली घातली. "गेले होते."

"कशाला?"

त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला.

२

फेरीत सगळं सुरळीत चाललं होतं.

घराची वंशज मिस हेस्टर वॉलिस दिवाणखान्यात काठीवर हात ठेवून बसली होती, जणू तीही एक जपलेली वस्तू. यंदाच मे महिन्यात एका अनामिक हितचिंतकाच्या देणगीतून छप्पर दुरुस्त झालं, नाहीतर हा मजला पाण्यात गेला असता, असं फिंटनने छताकडे बोट दाखवून अभिमानाने सांगितलं. स्वयंपाकघरात जुन्या लोखंडी चुलीत टर्फ, म्हणजे इथली दलदलीतली वाळवलेली माती, धुमसत होती. त्या धुराचा मातकट वास घरभर भरून राहिला होता.

अभ्यासिकेच्या उंबऱ्यावर लीलावतीबाई एकदम थांबल्या.

"अगं बाई! ही तर अन्नपूर्णा!"

मेजरच्या लिहिण्याच्या टेबलावर, दौत आणि तबकाच्या मधोमध, वीतभरही नसेल अशी चांदीची मूर्ती होती. मांडी घातलेली, दोन्ही हातांत पळी. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं: 'चमचा घेतलेली स्त्री, दख्खन. कागदांवर वजन म्हणून वापर.'

"कागदांवर वजन!" लीलावतीबाईंनी दारातच बूट काढले.

"आई, इथे नाही काढायचे," त्यांचा मुलगा अभिजित कुजबुजला.

"देव आहे ना समोर? मग काढायचेच. तू फोटो काढ तुझे." त्या आत गेल्या आणि लांबूनच हात जोडले. "हिला तांदळात बसवतात रे. नवरी माहेरून आणते. कुणाच्या घरची असेल ग, उल्का? उघड्या लाकडावर बसवलीय बिचारीला."

मिरजेच्या घराला कुलूप होतं. सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच परदेशी आल्या होत्या, आणि त्यांची स्वतःची अन्नपूर्णा शेजारणीच्या देव्हाऱ्यात ठेवलेली होती. उल्काला ते ठाऊक होतं.

"किती लख्ख ठेवलीय पण," लीलावतीबाई म्हणाल्या. "रोज घासतात वाटतं."

उल्काने ते भाषांतर करून सांगितलं. फिंटनने मान हलवली. "छे! घासलं की दर वेळी चांदीचा पातळ थर जातो. जानेवारीत घर बंद असतं, तेव्हा आमची स्वयंपाकीण ब्रीजी सगळी चांदी एकदाच उजळते. मग वर्षभर कुणी हात लावायचा नाही." मग घाईने पुढे म्हणाला, "तुम्ही वेळेवर आलात. सोमवारी डब्लिनचे तज्ज्ञ येतायत. प्रदर्शनासाठी हिला घेऊन जाणार आहेत."

सप्टेंबर चालू होता.

३

गार्डांना, म्हणजे पोलिसांना, फोन गेला होता. गाव लांब होतं, यायला वेळ लागणार होता.

"पर्स उघडून दाखवू या का, आई?" अभिजितने हळूच विचारलं.

लीलावतीबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की त्याने हात मागे घेतला. "दुसऱ्याच्या घरातली टाचणीसुद्धा कधी उचलली नाही मी. आज परक्या मुलखात माझी झडती घेणार?" त्यांचे डोळे भरले, पण आवाज भरला नाही. "घ्या. पोलीस येऊन घेऊ देत. तू घ्यायची नाहीस."

पर्स रिकामी निघाली तरी काय होणार, हे उल्काला दिसत होतं. लपवली असेल, बागेत पुरली असेल, असं म्हणणारे म्हणतीलच. ही बाई जन्मभर हा डाग घेऊन मिरजेला परत जाईल, आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढणार नाही.

"मला सगळ्यांशी बोलायचंय," ती फिंटनला म्हणाली.

"जरूर बोला." त्याने हात पसरले. "मी तर ऑफिसातच होतो, अभ्यासिकेच्या बरोबर खाली. सांगायला नको वाटतं, पण मी त्यांची पावलं ऐकली. बुटांची टकटक. दारापासून टेबलापर्यंत, मग खिडकीपाशी, मग पुन्हा टेबलापाशी. बराच वेळ."

"फक्त पावलं? आणखी काही नाही?"

"फक्त पावलं. अगदी स्पष्ट."

मिस हेस्टर दिवाणखान्यात तशीच बसलेली होती. तिने उल्काला खुर्ची दिली नाही, पण नजर चुकवलीही नाही.

"ती मूर्ती पणजोबांनी लुटून आणली, मुली. विकत घेतली म्हणायचे, पण घरातल्या देवाला कोण विकतं? ती परत पाठवा म्हणून मी फिंटनच्या मागे लागले होते. तेव्हा मलाही संशयितांत धर." तिने काठी जमिनीवर आपटली. "पण मी गेले असते तर ही वाजली असती. आणि तुझ्या नवऱ्याला मी सोडलंच नाही. विचार त्याला."

"माझ्या कानाला खडा," अभिजित मराठीत पुटपुटला. "फेरी संपल्यापासून पणजोबांचे घोडे ऐकतोय. मला उठूच दिलं नाही हिने."

स्वयंपाकघरात ब्रीजी पाव कापत होती. जाडजूड, साठीच्या पुढची, पिठाने भरलेले हात. ती रागावलेली होती.

"तुझ्या सासूने? अगं, तिने माझ्या स्कोनच्या पावाला दोन्ही हात लावून नमस्कार केला! तसल्या बाया चोऱ्या करत नसतात."

"तुम्ही वर गेला होतात?"

"मी? तुझी पोरगी माझ्याजवळ लोणी काढत बसली होती. विचार तिला. एक मिनिट सोडून गेले असते तर सगळं लोणी तिच्या पोटात गेलं असतं."

"इट वॉज ग्रँड लोणी, मम्मा," रेवा म्हणाली.

"मध्ये कुणी आलं होतं?"

ब्रीजी फुसकन हसली. "फिंटनसाहेब आले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीची दया आली त्यांना. टर्फची टोपली स्वतः उचलून आणली."

"आणि युअर मॅनने, त्या साहेबाने, चुलीचं दार स्वतः उघडलं," रेवा म्हणाली. "ब्रीजी त्याला ओरडली."

"ओरडेनच! माझ्या चुलीला हात लावायचा नाही कुणी. सकाळी राख काढायची, दिवसभर आच एकसारखी धरून ठेवायची. आणि हा आला अर्धी टोपली कोंबायला."

"तेव्हा आजी कुठे होती?"

रेवाने खांदे उडवले. "त्यानंतर थोड्याच वेळाने मी तिला शोधायला गेले. ती बाकावर होती. शूज घालत."

उल्का दारातच थबकली. घालत. काढत नव्हे, घालत.

४

"आई," ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. "वर जाताना बूट कुठे काढलेत?"

"इथेच." लीलावतीबाई अजून तिच्याकडे पाहत नव्हत्या. "तिथे दारात वाकायला धरायला काही नाही. मघाशी कंबर धरली होती माझी. म्हटलं, इथे बसून काढावेत, अनवाणीच जावं. जिन्यावर गालिचा आहे."

"म्हणजे अभ्यासिकेत तुम्ही अनवाणी होतात."

"देवापुढे बूट घालून जाईन का मी?"

उल्काने त्यांचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. "काय केलंत तिथे? मी हसणार नाही."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "साखर ठेवली. चहाच्या टेबलावरची एक पुडी घेतली होती. न विचारता. मोठी चोरी केली बघ." त्यांनी बुटाचा पट्टा पुन्हा ओढला. "जगाला जेवू घालणारी ती, आणि एवढी वर्षं कुणी तिच्यापुढे दाणा ठेवला नसेल. तुमच्या त्या माणसाने दहा वेळा सांगितलं होतं, कशाला हात लावू नका, खायचं वर नेऊ नका. मूर्तीला मी बोट लावलं नाही. नुसती पुढ्यात चिमूटभर ठेवली, आणि आले. आता हे मी त्या लोकांना काय सांगू? म्हणतील, अडाणी बाई."

उल्का उठली आणि एकटीच वर गेली.

अभ्यासिकेत संध्याकाळचा राखी उजेड होता. तिने फोनचा दिवा लावला आणि टेबलाला समांतर धरला. पॉलिश केलेल्या गडद लाकडावर तळहाताएवढी जागा मोकळी होती, आणि तिच्या बरोबर पुढे चिमूटभर कण चमकत होते. साखर. कुणी ती पाहिलीच नव्हती. सरळ वरून पाहिलं तर धुळीसारखी वाटली असती.

समोर देव नसताना नैवेद्य कोण ठेवतं? आणि ठेवून झाल्यावर देव पिशवीत कोण घालतं? उल्काला शंका उरली नाही. पण हा पुरावा मिरजेत चालला असता. इथल्या गार्डांना त्याचा काय अर्थ लागणार?

तिची नजर दौतीवर गेली. मग तबकावर. दोन्ही चांदीचीच, आणि दोन्हींवर पिवळट-काळी झाक चढलेली. टर्फच्या धुरात गंधक असतं. जानेवारीपासून ते या चांदीवर बसत आलं होतं. एवढ्या महिन्यांत त्याने कुणालाही सोडलं नव्हतं.

तिने अभिजितचे मघाचे फोटो मागवले. काळवंडलेली दौत, काळवंडलेलं तबक, आणि मधोमध, जणू कालच घासल्यासारखी, लख्ख पांढरी अन्नपूर्णा.

किती लख्ख ठेवलीय पण, आई म्हणाल्या होत्या.

उल्का जिना जवळजवळ धावतच उतरली.

५

"ब्रीजी, राखेचा खण ओढाल का?"

"आत्ता? पेटलेल्या चुलीखालचा?"

"गार्डा यायच्या आत."

ब्रीजीने जाड कापड हाताला गुंडाळून लोखंडी खण बाहेर ओढला. मऊ, तांबूस राख. उल्काने चिमट्याने ती हळूच बाजूला केली. सगळे जमले होते: अभिजित, काठी टेकत आलेली मिस हेस्टर, रेवाचा हात धरून लीलावतीबाई. फिंटन दारात उभा होता.

राखेच्या तळाशी काहीतरी चकाकलं. ओघळून थिजलेला धातूचा चपटा गोळा, आणि भोवती विखुरलेले थेंब.

"अगं, हे तर कल्हईचं कथील," लीलावतीबाई सहज म्हणाल्या. "आमच्या दारात कल्हईवाला यायचा, त्याच्या भट्टीखाली असंच पडलेलं असायचं."

"कथीलच आहे, आई. बहुतेक सगळं." उल्का फिंटनकडे वळली. आता ती इंग्रजीत बोलत होती, हळू आणि नेमकं. "टर्फच्या या चुलीत चांदी वितळत नाही. ती लाल झाली असती, काळी झाली असती, पण मूर्ती मूर्तीच राहिली असती. कथील मात्र या आगीत मेणासारखं ओघळतं. ब्रीजी, सकाळी खण रिकामा केलात?"

"घासून पुसून."

"म्हणजे आज वितळलेली वस्तू कथलाची होती. जानेवारीत ब्रीजीने खऱ्या मूर्तीला उजळलं. त्यानंतर कधीतरी तिच्या जागी ही आली. धुराने शेजारची चांदी काळी केली, हिला केलं नाही, कारण ही चांदी नव्हतीच. माझ्या सासूबाई ते पहिल्याच नजरेत बोलून गेल्या. आणि सोमवारी येणाऱ्या तज्ज्ञांनीही ते पहिल्याच नजरेत ओळखलं असतं. तेव्हा ही मूर्ती सोमवारच्या आत हरवायला हवी होती. ती कुणीतरी चोरायला हवी होती."

"मग कुणीही असेल," फिंटन म्हणाला.

"मिस हेस्टर माझ्या नवऱ्याजवळ होत्या. ब्रीजी माझ्या मुलीजवळ. आणि माझ्या सासूबाई वर होत्या, ते तुम्ही साडीवरून ओळखलंत. साडीखाली पाय दिसत नाहीत, मिस्टर फिंटन. तुम्हाला वाटलं, बाई आहे म्हणजे बूट असतीलच. त्या खोलीत देव होता, म्हणून त्या इथूनच अनवाणी गेल्या. तरी तुम्ही टकटक ऐकलीत. दारापासून टेबलापर्यंत, खिडकीपर्यंत, अगदी स्पष्ट."

चुलीत टर्फचा एक तुकडा खचला.

"त्या उतरल्यावर तुम्ही वर गेलात. मूर्ती टोपलीत टाकलीत, वर टर्फ रचलीत, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ब्रीजीचं ओझं उचललंत."

फिंटन वर पाहत होता. छताच्या पांढऱ्या चुन्यावर ओलीचा एकही डाग नव्हता.

"तीन हिवाळे मी बादल्या लावल्या," तो शेवटी म्हणाला. "तीन वेळा अनुदान नाकारलं. एका संग्राहकाने तिच्याबद्दल विचारलं. मला वाटलं, एक चमचा घेतलेली बाई, आणि त्या बदल्यात सगळं घर."

"तो हितचिंतक तूच होतास," मिस हेस्टर म्हणाली.

"हो."

"मी हे छप्पर कोसळू दिलं असतं, फिंटन." तिने काठी दोन्ही हातांनी धरली. "आणि ते जाऊ दे. या बाईचं तू काय करणार होतास?"

त्याने पहिल्यांदाच लीलावतीबाईंकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घातली. मिस हेस्टर सावकाश चालत त्यांच्यासमोर गेली. इतका वेळ कुणापुढेही न लवलेली मान तिने झुकवली.

"काय म्हणतेय ही?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"माफी मागतायत, आई. या घराच्या वतीने."

"बसायला सांग तिला. पाय लटपटतायत तिचे."

६

गार्डा आली ती तरुण होती, भिजलेल्या टोपीची. तिने फिंटनला बाजूला घेऊन बराच वेळ विचारपूस केली. उल्काने त्या वेळात सासूबाईंना सगळं पुन्हा एकदा मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगायला तिला जड गेलं.

"म्हणजे मी हात जोडले ती..."

"कथलाची होती, आई."

लीलावतीबाईंनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. उल्काला वाटलं, आता त्या रडतील. पाहुणी म्हणून येऊन चोर ठरणं त्यांनी सोसलं होतं, पण हे?

"म्हणजे खरी अजून उपाशीच आहे कुठेतरी," त्या म्हणाल्या.

गार्डा वही घेऊन आली. चोरीला गेलेल्या वस्तूचं वर्णन तिला हवं होतं. तिने पाटीवरची ओळ उतरवायला सुरुवात केली होती: चमचा घेतलेली स्त्री.

"नाही," उल्का म्हणाली. "तिचं नाव अन्नपूर्णा. मी एकेक अक्षर सांगते, तसं लिहा."

गार्डाने आधीचं खोडलं आणि नव्याने लिहिलं. चांदीची, बसलेली, दोन्ही हातांत पळी. "आणखी काही?"

लीलावतीबाईंनी सुनेच्या बाहीला हलकेच ओढलं. "तिला म्हणावं, सापडली की कपाटात नुसती ठेवू नका. तांदळात बसवा."

उल्काने भाषांतर केलं. मिस हेस्टर, ब्रीजी, सगळ्याच गार्डाकडे पाहू लागल्या. तिने पेन उचललं, क्षणभर थांबली, आणि गंभीरपणे विचारलं, "शिजवलेला की कच्चा?"

उल्काने सासूबाईंकडे पाहिलं.

"कच्चा म्हणावं," लीलावतीबाई म्हणाल्या. "आणि वाटी शिगोशीग भरून."

गार्डाने तेही लिहून घेतलं.